काळजाचा वाटा

"घरची परिस्थिती कशी आहे?"

डॉक्टरीणबाईंनी हे इतक्या सहज विचारलं की संयोगिताला वाटलं, प्रश्न आपल्याला नाहीच, मागं कुणीतरी उभं असेल. तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं. मागं मिरजेच्या त्या दवाखान्याची फिकट हिरवी भिंत होती आणि भिंतीवर पालकाच्या जुडीचं चित्र होतं. परिस्थिती! आपल्याकडं हा शब्द ज्याला परिस्थिती नाही त्यालाच विचारतात. ज्याला आहे त्याला लोक 'काय म्हणतोय यंदा ऊस?' असं विचारतात. संयोगिताच्या हातात पाटल्या होत्या, खाली रस्त्याकडेला पांढरी मोठी गाडी उभी होती, आणि ही कालची पोरगी, धड तिशीही न गाठलेली, मान वर न करता परिस्थिती विचारत होती. आणि का, तर दहावीतली अंकिता शाळेच्या मैदानावर खो-खो खेळताना खांबापाशी पोचायच्या आत मटकन खाली बसली होती, आणि रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन साडेसहा निघालं होतं. "चांगलं खातंपितं घर आहे आमचं," संयोगिता म्हणाली, आणि म्हणताना आपला आवाज थेट नवऱ्यासारखा आला हे तिचं तिलाच ऐकू आलं. डॉक्टरीणबाईंनी तेव्हा कुठं मान वर केली. "घर खातंपितं असेल हो," त्या म्हणाल्या, "मुलगी खाते का?"

मग त्यांनी अंकितालाच एकेक विचारायला घेतलं. दूध? आवडत नाही. अंडी? आवडत नाहीत. पालेभाजी? खाते थोडी. मटण? रस्सा खाते. "आणि फोडी?" अंकितानं खांदे उडवले. "नाही आवडत एवढ्या." टिचभर चेहरा, ओठ पांढरे, नखं पांढरी, आणि बोलणं असं की हिला या जगाकडं काही मागायचंच नाही. सासूबाई, म्हणजे बनुबाई, हिला आल्यागेल्यापुढं मिरवायच्या: "आमच्या अंकीला काय बी लागत न्हाई बघा. चतकोर भाकरी आन वाटीभर कालवण, झालं तिचं." पाव्हणे माना डोलवायचे. काही न लागणं हा पोरीच्या जातीचा केवढा मोठा गुण! कपडे मागत नाही, मोबाईल मागत नाही, आता रक्तसुद्धा मागत नाही म्हणायचं. आणि सांगलीत विश्रामबागेतल्या संयोगिताच्या मैत्रिणी, ज्या भिशीच्या दिवशी नाचणीची बिस्किटं चघळत एकमेकींच्या कमरा बघत बसतात, त्या वेगळ्याच कारणानं जीव टाकायच्या. "किती छान बारीक आहे गं तुझी! आमची बघ, नुसती सुटलीये." गावात साधी म्हणून कौतुक, शहरात बारीक म्हणून कौतुक, दोन्हीकडून टाळ्या पडत होत्या आणि मधल्या मधे पोरगी वाळत चालली होती. शाळा सुटली की क्लास, क्लास सुटला की दुसरा क्लास, दोन्हींच्या मधे चौकातल्या गाड्यावरचा वडापाव नाहीतर कुरकुऱ्याचं पाकीट, आणि घरी आल्यावर 'भूक नाही'. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, "शिरेतून लोह देऊ आता. पण ते तात्पुरतं. हृदयाला किती धावावं लागतंय बघा तिच्या, बसल्या जागी छाती उडतीये. आणखी खाली गेलं तर रक्त चढवावं लागेल, आणि हृदयावर परिणाम झाला तर मग माझ्या हातात फार काही राहत नाही. मांसाहारी आहात ना? मग लिव्हर द्या तिला. काळीज. नेमानं द्या." "काळीज," संयोगिता म्हणाली. तो शब्द तिच्या तोंडून उगाचच दोनदा निघाला.

अंकिताला आतल्या खोलीत झोपवून सलाईन लावलं. बाटलीतलं औषध काळपट तांबडं होतं आणि थेंब थेंब उतरत होतं. शेजारच्या खाटेवर तसलीच बाटली लावलेली दुसरी एक मुलगी होती, स्वप्नाली नावाची, अंकिताच्याच वयाची, आणि तिच्या पायथ्याशी तिचा बाप स्टुलावर बसला होता. नानासो. आटपाडीकडचा माणूस, डोक्याला तांबडा पटका, पायात कातडी वहाणा. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरामागं फिरलेलं घर, आता थोडी शेती करणारं. मघाशी बाहेरच्या बाकावर बसलेली असताना डॉक्टरीणबाईंनी याला हाच प्रश्न विचारलेला संयोगितानं ऐकला होता, आणि तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. असल्यांना विचारायचंच की. तेव्हा त्याच्याकडं बघून तिनं चेहऱ्यावर जरा कणवही आणली होती. आता त्याच्या पोरीची बाटली आणि आपल्या पोरीची बाटली खिळ्यांच्या एकाच रांगेत लटकत होती, म्हणून त्या कणवेचं काय करावं हे तिला कळेना. नानासोला बोलायला माणूस पाहिजेच होतं. "तुमी कुठल्या म्हनायच्या ताई?" तिनं गाव सांगितलं, कऱ्हाडच्या अलीकडचं, कृष्णाकाठचं. "आवं, मग उसाचं घर!" तो मोठ्यानं म्हणाला, अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं. "पान्यातली मानसं तुमी. मग तुमच्या पोरीला काय धाड भरली?" संयोगितानं बाटलीतल्या थेंबांकडं नजर वळवली. "आमचं येक ठीक हाय," तो पुढं सुरूच. "शेरडं घरची, पर दूध डेरीला. बकरं घरचं, पर बाजाराला. जत्रंला येखादं पडतंय, तर काळीज-गुर्दा चुलत्यास्नी, थोरल्यास्नी. पोरी मागनं बसत्यात. रस्सा वरपत्यात. आता ह्या डाक्तरीन म्हनत्यात काळीज घाला पोरीला. बरं, घालू. आजवर कुनी म्हनलंच न्हाई तसं." हे त्यानं न लाजता सांगितलं, पाऊस किती पडला ते सांगावं तसं. संयोगिताला त्याचा राग आला. घरातली अशी गोष्ट माणूस चारचौघांत उघडी करतो म्हणजे काय? निदान लपवावी तरी! आणि मग तिच्या मनात आलं की लपवण्यापलीकडं आपण याच्याहून वेगळं काय करतो? आपली ताटं स्टीलची आहेत, जड आहेत, एवढंच. अंकिता डोळे मिटून पडली होती. तिच्या गळ्याखालच्या खळीत नाडी इतकी जोरात उडत होती की बघवत नव्हतं.

परत येताना सांगली-मिरज रस्त्याला ही गर्दी. संयोगिता गाडी चालवत होती आणि अंकिता काचेला डोकं टेकून बसली होती. हॉटेलांच्या पाट्या एकामागून एक येत होत्या, बोकडाचं चित्र, कोंबडीचं चित्र, स्पेशल ताट, मटण ताट, जम्बो ताट. माणसं नुसती खातायत या रस्त्यावर, तिला वाटलं, खातायत आणि ढेकरा देतायत. घरी पोचल्यावर तिनं फ्रीज उघडला आणि तशीच उभी राहिली. असं काही नव्हतं जे त्या फ्रीजमध्ये नव्हतं. दूध, दही, लोणी, अंड्यांचा अख्खा ट्रे. अंडी पृथ्वीराजची, अंकिताच्या थोरल्या भावाची. सतरा वर्षांचा, एनडीएची लेखी परीक्षा पास झालेला, घराण्याचा कुलदीपक. आजोबा सुभेदार होऊन पेन्शनीत आले, नातू अधिकारी होणार म्हणून घर कामाला लागलं होतं. पहाटे त्याचे भिजवलेले बदाम, मग त्याच्या त्या डब्यातल्या पावडरीचं दूध, मग उकडलेली अंडी. आणि अंडी खायची तीसुद्धा पांढरीच, पिवळं खायचं नाही, जिमच्या सरांनी सांगितलंय. पिवळं शेरूला. रोज सकाळी संयोगिता स्वतःच्या हातानं ते पिवळे गोळे वाटीत गोळा करायची आणि मागच्या दारी कुत्र्याला घालायची. कुत्रं असलं तुकतुकीत झालं होतं की कॉलनीतले लोक विचारायचे, काय घालता हो याला? तिला एकदम हसू फुटलं. फ्रीजचं दार धरून ती हसत राहिली, आणि आतून फ्रीज टी-टी करत ओरडायला लागला. "आई, दार लाव," अंकिता सोफ्यावरून म्हणाली. कुत्रं लाल आणि पोरगी पांढरी. खातंपितं घर! डोंबलाचं खातंपितं.

नवरा, धैर्यशील, संध्याकाळी आला. त्याचं ठिबक सिंचनाचं मोठं दुकान आहे, लोकांच्या उसाच्या मुळाशी थेंब थेंब पाणी पोचवायचा धंदा, आणि त्यात त्याची अक्कल फार चालते. रिपोर्ट वाचून तो आधी म्हणाला, "लॅब चुकली असंल." मग म्हणाला, "आपल्या घरात? कसं शक्य हाय?" मग तिसरं जे म्हणाला त्याची संयोगिता वाटच बघत होती. "कुणाला बोलू नको हे. बाहेर गेलं म्हंजे लोक म्हनतील, पोरीला उपाशी ठेवली. उद्या सोयरीक बघायची हाय." पोरीची छाती फाटतीय आणि हा सोयरीक बघतोय. तिनं डॉक्टरीणबाईंचा परिस्थितीचा प्रश्न मुद्दाम त्याला सांगितला, आणि तो जो भडकला तो रिपोर्टावर नव्हता भडकला. "असं इचारलं? तुला? गाडी बघितली न्हाई का तिनं?" दुसऱ्या दिवशी तो डाळिंबांची पेटी, खजुराचे डबे, परदेशी सफरचंदं आणि कसलीशी काळी मनुकं घेऊन आला आणि सगळं हॉलमधल्या टीपॉयवर मांडलं, आल्यागेल्याला दिसेल असं. डाळिंबं सोलायची कुणी हा प्रश्न त्याला पडला नाही. येता-जाता पृथ्वीराजच मनुकं तोंडात टाकत होता. संयोगिता काळजाचं बोलली तेव्हा मात्र धैर्यशील अडखळला. "ते... आई काय म्हनंल?" चाळिशी उलटलेला माणूस, पाच-पंचवीस लोकांना कामाला लावणारा, आणि काळीज म्हटलं की आईकडं बघतो. "आता रविवारी गावाकडं जायचंच हाय," तो म्हणाला. "पृथ्वीच्या पास होन्याचं बोकड पडनार हाय. तवा बघू."

काळीज म्हणजे त्या घरात नुसतं मटण नव्हतं. संयोगिता मूळची लोणंदची. बाप बाजार समितीत तोलाईच्या कामाला, मटण महिन्यातून एखादं, तेही अर्धा किलो, आणि त्या अर्ध्या किलोत काळीज कुठलं असायला? तिनं काळीज पहिल्यांदा नीट बघितलं ते लग्नानंतर. तव्यावर हळद-मीठ टाकून परतलेले काळपट तुकडे, तुपाचा वास, आणि सासूबाईंनी ते बाकी मटणाच्या आधी, मानानं, सोप्यात बसलेल्या पुरुषांपुढं नेऊन ठेवलेले. आधी सुभेदारांना, मग धैर्यशीलला, मग जो कोण पाव्हणा असेल त्याला. नव्या नवरीला वाटलं होतं, आपल्यालाही येईल मागाहून. मागाहून आलं ते रश्शाचं वाडगं आणि त्यात एक हाडूक. तिनं भाबडेपणानं विचारलं, काळीज संपलं का आत्याबाई? आणि चुलीपाशी बसलेल्या बायका अशा थबकल्या की जसं काही तिनं नवऱ्याचं नाव घेतलं. "पोरीच्या जातीनं काळीज खाऊ न्हाई," बनुबाई म्हणाल्या होत्या. "उलट्या काळजाची निपजती." आणि पुरावाही होता. सुभेदारांच्या थोरल्या बहिणीनं म्हणे लहानपणी चोरून काळीज खाल्लं होतं. ती सासरहून महिन्याच्या आत परत आली, पुन्हा गेलीच नाही, खंडाळ्याला भाजीचा गाळा टाकून एकटीनं राहिली आणि कुणाच्या मयतीला रडली नाही. हे सांगताना बनुबाईंचा आवाज भयानं बारीक व्हायचा. संयोगिताला मात्र त्या न पाहिलेल्या आत्तेसासूचं काय वाईट झालं तेच कळलं नव्हतं. स्वतःचं कमवून, स्वतःचं खाऊन ती म्हातारी होऊन मेली. पण तेव्हा ती गप्प बसली. वर्षानुवर्षं गप्प बसली. पुढं तिनंही रस्साच आवडून घेतला, आणि कुणी विचारलं की सांगायला लागली, मला फोडी नाहीत एवढ्या आवडत. अंकितानं ते 'आवडत नाही' कुठून उचललं, कुणाच्या तोंडचं, हे ती त्या आठवड्यात रोज आठवू बघत होती आणि दर वेळी तिला स्वयंपाकघरातला आपलाच आवाज ऐकू यायचा, म्हणून ती आठवणं सोडून द्यायची. रात्री अंकिताच्या छातीवर हात ठेवून बघायची. धड, धड, धड. डॉक्टरीणबाई त्याला हृदय म्हणाल्या, गावात त्यालाच काळीज म्हणतात, आणि खाटकाच्या फळीवर पडलेलं असतं तेही काळीजच. एकाच शब्दात दोन्ही कोंबून बसलेत, आणि कुणाला कुठलं द्यायचं त्यावर भांडतायत, तिला वाटायचं, आणि या सगळ्या माणसांचा तिला शिसारी येईपर्यंत कंटाळा यायचा.

रविवारी निघाले. पेठ नाक्यापाशी पृथ्वीराजला चहा पाहिजे झाला म्हणून थांबले, त्यानं ऑम्लेटही खाल्लं. अंकितानं काही घेतलं नाही. गावात पोचले तेव्हा बोकड पडलं होतं आणि परड्यात कातडं वाळत होतं. सोप्यात सुभेदार जोतीराम बसले होते, मिशा पांढऱ्या, पाठ अजून ताठ, पुढ्यात पेन्शनरांच्या कँटीनची बाटली. शेजारी भावकीतले दोघं-तिघं. पृथ्वीराजला त्यांनी जवळ बसवून घेतलं. "आता काय रं गड्या, साहेब हुनार तू! आजाला सलाम ठोकाय लावतूस व्हय?" सगळे हसले. अंकिता पाया पडली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बोलणं पुढं चालू ठेवलं. आत चुलीवर तवा तापला होता. बनुबाईंनी काळजाचे तुकडे टाकले आणि ते चर्र वाजले. संयोगिता त्यांच्याशेजारी उकिडवी बसली. कसं बोलायचं ते तिनं गाडीत ठरवून ठेवलं होतं, गोड बोलायचं, डॉक्टरांचं नाव घालायचं. "आत्याबाई, अंकिताला थोडं काळीज काढून ठेवा. डॉक्टरांनी सांगितलंय. रक्त फार कमी झालंय तिचं." बनुबाई उलथनं हलवत राहिल्या. "रक्ताला बीट घाल की तिला. आळीव घाल." "घालतीये. ते पुरत नाही म्हणाल्या." "आगं, पर पोरीला..." त्यांनी आवाज खाली आणला, "न्हाई बाई. उद्या सासरी नांदायची हाय ती." "आधी जगायची आहे," संयोगिता म्हणाली, आणि हे गोड बोलणं नव्हतं. बनुबाईंनी तिच्याकडं असं बघितलं की पुढं बोलायची सोय राहिली नाही. त्या वाईट बाई होत्या म्हणावं तर तसंही नाही. त्यांची स्वतःची नखं पांढरीफटक होती, जिना चढताना त्यांना धाप लागायची, आणि आयुष्यात त्यांनी काळजाचा तुकडा जिभेवर ठेवला नव्हता. जे आपल्याला मिळालं नाही ते राखत बसायचं, असली राखणदारी! संयोगिताला त्यांची कीव करायची होती, पण कीव येईना. तिरस्कारच येत होता, आणि तो आवरायला तिला काही कारण सापडत नव्हतं.

आतली कुजबुज बाहेर पोचायला वेळ लागत नाही. धैर्यशीलनंच सांगितलं असणार, तो बापापुढं सगळं ओकतो. सुभेदार हसले, मोठ्या मनाचं हसू. "आवं, द्या की पोरीला! काय तुमी बायका बी. काय खुळ्या समजुती घिऊन बसलाय. फौजेत आमच्या लेडी डाक्तर हुत्या, सगळं खायाच्या." भावकीतल्या एकानं "व्हय व्हय, जमाना बदलला" असं म्हणून पेला रिकामा केला. जमाना असा बदलला की सुभेदारांनी स्वतःच्या ताटलीतून एक तुकडा उचलला, बोटाच्या पेराएवढा, वाटीत टाकला आणि वाटी धैर्यशीलच्या हाती दिली. "जा, दे तिला." ताटलीत अजून ढीग होता आणि तव्यावर दुसरा घाणा होता, पाव्हण्यांसाठी झाकून ठेवलेला. धैर्यशील ती वाटी दोन्ही हातांत धरून आत आला, मोठं काहीतरी जिंकून आणल्यासारखा. "बघ, आबांनीच दिलं," तो संयोगिताला म्हणाला. तिनं वाटीत बघितलं, मग त्याच्याकडं बघितलं. हा माणूस आपल्याला एकेकाळी देखणा वाटला होता. तिनं वाटी घेतली, अंकिताला मधल्या घरात भिंतीला टेकवून बसवली आणि वाटी तिच्या हातात दिली. "खा. माझ्यासमोर खा." अंकिता त्या तुकड्याकडं बघत राहिली. तिला भूक होती, हे संयोगिताला दिसलं. नाकपुड्या हलल्या, घशाखाली आवंढा गेला. इतकी वर्षं आवडत नव्हतं ना? मग हे काय होतं?

तेवढ्यात पृथ्वीराज पाणी प्यायला आत आला. मोबाईल हातात, बोटं चालूच. तो बहिणीशेजारी बसला, आणि अंकितानं काय करावं? तिनं वर बघितलंसुद्धा नाही. तिचा हात आपोआप चालला. तिनं तो तुकडा वाटीतून उचलला आणि भावाच्या दुसऱ्या हातावर ठेवला, पेन द्यावं तसा. "घे दादा. मला नाही एवढं आवडत." आणि त्यानं मोबाईलवरची नजर न काढता तो तोंडात टाकला. काय खातोय हेही त्याला माहीत नव्हतं. संयोगिता कधी उठली ते तिचं तिला समजलं नाही. तिनं त्याची हनुवटी धरली, नुकती कुठं मिसरूड फुटलेल्या पोराची, आणि माती खाल्लेल्या रांगत्या मुलाच्या तोंडात घालतात तसं त्याच्या तोंडात बोट घातलं. "थुक! थुक आधी!" तिचा आवाज सोप्यापर्यंत गेला असणार, कारण तिथलं बोलणं बंद पडलं. मोबाईल खाली आपटला. पृथ्वीराजचे डोळे भीतीनं मोठे झाले, होणाऱ्या साहेबाचे, आणि घाबरून त्यानं गिळलं. तिच्या बोटाला ते गिळणं लागलं. "आई? काय झालं? काय केलं मी?" त्यानं खरंच विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं, आणि हेच तिला सगळ्यात असह्य झालं. दारात बनुबाई उभ्या होत्या, मागं धैर्यशील, "अगं, याड लागलं का तुला, लोक हायती बाहीर" असं दात आवळून म्हणत. संयोगिताला बोलायचं होतं. रिपोर्ट, साडेसहा, कुत्रं, अंड्यातलं पिवळं, सोयरीक, सगळं एकाच दमात सांगायचं होतं. पण बोट ओलं होतं आणि ते पुसायला पदर सापडत नव्हता, आणि आपण आता रडायला लागू असं तिला वाटलं.

अंकिता भावाकडं बघत होती. त्याच्या गळ्याकडं. मघाशी वर न बघणारी पोरगी आता टक लावून बघत होती, आणि तिच्या तोंडाचा एक कोपरा खाली वाकला होता. संयोगितानं तो वाकडा ओठ आरशात फार वेळा बघितला होता. पोरीच्या चेहऱ्यावर तो आज पहिल्यांदा आला होता. "गिळलं बघ कसं," अंकिता म्हणाली. "मला नको म्हटलं तर एकदा तरी विचारायचं की रे, का नको म्हणून." पृथ्वीराज काहीतरी पुटपुटला. तिनं ऐकून घेतलं नाही. ती भिंतीला हात लावून उठली, क्षणभर डोळे मिटून उभी राहिली, चक्कर जाऊ दिली. संयोगिता धरायला पुढं झाली तर तिनं मानेनंच नको म्हटलं. मग भिंतीला धरधरून ती चुलीकडं गेली. दारातल्या आजीला वळसा घालावा लागला. आजी बाजूला झाली नाही, पण अडवलंही नाही. अंकितानं तव्यावरचं झाकण उचललं, वाफ तोंडावर आली तशी मान मागं घेतली, आणि फडक्यानं झाकण खाली ठेवून तिथंच बसली, पाटाबिटाची वाट न बघता. पहिला तुकडा गरम होता, तिनं तो या बोटातून त्या बोटात केला, फुंकला आणि खाल्ला. दुसरा खाल्ला. बाहेर सोप्यातून कुणीतरी हाक मारली, "वहिनी, काळीज सपलं का?" अंकितानं तिसरा तुकडा उचलला, चावताना जरा थांबली, आणि आजीकडं न बघता कपाळाला आठी घालून म्हणाली, "मीठ कमी हाय."

बनुबाईंचा हात सवयीनं मिठाच्या बरणीकडं गेला.